शिवेवरचा शेंदूर

त्यांच्या घरी राहायला गेले त्या दिवशी मला चहाच्या आधी गमबूट मिळाले. दारातच सहा जोड ओळीनं उभे होते, सहा मापांचे. त्यांनी माझ्या पायांकडे एकदा पाहिलं, एक जोड पुढे सरकवला आणि म्हणाले, "बॅगा तिथंच राहू देत. उजेड आहे तोवर गाव बघून घेऊ."

"काका, मी सकाळपासून काही खाल्लं नाही हो."

"गाव लहान आहे."

गाव लहान होतं हे खरं. एक रस्ता, एक चर्च, एक पब, एक तळं आणि दिवसातून दोनदा येणारी बस. कोणीही पंधरा मिनिटांत पाहून मोकळं झालं असतं. आम्हाला अडीच तास लागले. चूक माझीच होती. लंडनमधल्या पिनरच्या ज्या बाईंनी मला ही जागा सुचवली त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "मराठी कपल आहे, तुझ्या ऑफिसपासून बसनं दहा मिनिटं, जेवण फर्स्ट क्लास. काका फक्त जरा चालवतात." मला वाटलं, गाडी चालवतात. म्हणजे स्टेशनवर घ्यायला येतील.

काकांचं नाव सांगत नाही आणि गावाचंही नाही. बकिंगहॅमशायरमधल्या त्या गावात कुणी शिंकलं तरी पॅरिश मॅगझिनमध्ये, म्हणजे गावच्या मासिकात, छापून येतं, आणि मला अजून तिथं तोंड दाखवायचं आहे. काका निवृत्त डेंटिस्ट होते. मूळचे कराडकडच्या एका खेड्यातले, तलाठ्याचे चिरंजीव. तरुणपणी इंग्लंडला आले, या गावात दवाखाना थाटला आणि तिथंच छत्तीस वर्षं राहिले. दात काढता काढता गावाचा इतिहास गोळा केला आणि खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाला तो सांगत राहिले. तोंडात आरसा, कापूस आणि काकांची दोन बोटं असल्यावर समोरचा काय शंका काढणार? काकू म्हणायच्या, "यांनी जन्मभर व्याख्यानं दिली आणि एकाही श्रोत्यानं उलटून प्रश्न विचारला नाही. तिथून बिघडले ते."

काकांचा सिद्धांत असा की गाव इथून तिथून सारखंच. चर्चच्या फाटकावर एक छोटं छप्पर होतं. पूर्वी स्मशानात नेताना तिथं शवपेटी घटकाभर टेकवत. "म्हणजे काय झालं?" काका विचारत, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणत, "विसावा! आपले खांदेकरी थांबतात तोच." तळ्यामागे दगडी कुंपणाचा चौकोन होता, मोकाट गुरं अडकवायचा. "कोंडवाडा!" पबसमोर भोकं पाडलेली एक जाड फळी होती, जुन्या काळी चोराचे पाय त्यात अडकवत. "खोडा! शब्द आपण रोज वापरतो आणि वस्तू बघायला यांच्याकडे यावं लागतं." पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या, लोकांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की ही वस्तू त्यांना दर मीटिंगला बघायला मिळते. बाकावर कुणाच्या नावाची पाटी लावायची असो की बसथांब्याला रंग द्यायचा असो, काका हात वर करून उभे.

या सगळ्याची त्यांनी एक वही केली होती. ती वही म्हणायची नाही, 'दप्तर' म्हणायचं. वर सुरेख बाळबोध अक्षरात 'मौजे' लिहून पुढे त्या इंग्रज गावाचं नाव, आणि खाली रकाने: खूण, ठिकाण, दिशा, पुरावा. शेवटचा रकाना त्यांचा सगळ्यात लाडका. 'पुरावा?' हा शब्द ते इतक्या वेळा वापरत की घरात तो सुस्काऱ्यासारखा झाला होता. काकू म्हणाल्या, आमटीत मीठ कमी पडलंय, की हे म्हणणार, "पुरावा?" मी एकदा म्हटलं, "काका, मला ताप आहे." तेव्हाही तेच. मी थर्मामीटर पुढे केला, तो त्यांनी चष्मा लावून वाचला, आणि मगच काकूंना पेज करायला सांगितली.

या पुराव्यापायी त्यांचं पबवाल्याशी वाजलं होतं. पबच्या दारावर पाटी होती की कुणी एक राजा शिकारीला आला असताना इथं झोपला. काका आत जाऊन म्हणाले, कुठल्या खोलीत? पबवाला म्हणाला, "डॉक, धंद्याला बरं असतं." काकांनी पॅरिश मॅगझिनला पत्र लिहिलं. मथळा होता, 'राजा इथे झोपला नाही'. पबवाल्यानं त्यांना दोन महिने दारात उभं केलं नाही. मग कंटाळून त्यानं पाटी बदलली: राजा इथे झोपला असावा. काकांनी मला ती पाटी तीनदा नेऊन दाखवली. "तो 'असावा' दिसतोय ना? तो माझा."

एजवेअर-वेम्बलीकडची ओळखीची मंडळी कधी रविवारी जेवायला यायची. आपल्याकडे आधी पोटोबा मग विठोबा. काकांकडे उलटं. आधी गमबूट, मग कोंडवाडा, मग खोडा, आणि परत आल्यावर निवलेली पुरणपोळी. लोक दारातूनच गुडघे धरून यायला लागले. काका म्हणत, "बसा तुम्ही निवांत, मी तोंडीच सांगतो," आणि मग लोकांना चालणं परवडलं असतं असं वाटायचं.

मी हसते आहे, पण त्या वर्षी काका हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. त्या वर्षी गावची शीव चालायची होती.

त्या गावात दर सात वर्षांनी मे महिन्यात एक रिवाज पाळतात. पाद्री, कौन्सिलवाले, कुत्री, म्हातारेकोतारे, सगळे मिळून पॅरिशच्या हद्दीवरून चालत एक फेरी मारतात. हातात विलो झाडाच्या सोललेल्या काठ्या. हद्दीचा दगड आला की सगळ्यांनी त्याला काठीनं झोडपायचं. का? तर आपली हद्द कुठवर हे सगळ्यांच्या लक्षात राहावं. नकाशे नव्हते तेव्हाची ही सोय. काकांना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा म्हणे त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण त्यांचे वडील तलाठी म्हणून दरसाल शिवेवरून हिंडायचे आणि म्हणायचे, 'शीव विसरली की गाव गेलं.' छत्तीस वर्षांत अशा पाच फेऱ्या काकांनी केल्या होत्या, सगळ्या शेपटाला चालून. दुसऱ्या फेरीत त्यांच्याकडे सँडविचची टोपली होती. तिसऱ्या फेरीतही तीच. त्या गावात आजोबा दफन झाल्याशिवाय माणसाला गावचा म्हणत नाहीत, आणि काकांचे आजोबा कृष्णेच्या काठी राख होऊन गेलेले.

पण या खेपेला कौन्सिलच्या अध्यक्ष मार्गरेटबाई स्वतः घरी आल्या. उंच, सडपातळ, गुलाबांची कात्री खिशात घेऊन फिरणाऱ्या. म्हणाल्या, "डॉक, यंदा पुढे तुम्ही चाला." काकांनी "ओह, व्हेरी काइंड" एवढंच म्हटलं, त्यांना फाटकापर्यंत पोचवलं, आत आले आणि देवघरासमोर साखर ठेवली. काकूंनी मला खूण केली, आता काही बोलू नकोस.

तिथून आमच्या सरावफेऱ्या सुरू झाल्या. दर रविवारी शिवेचा एकेक तुकडा. उत्तरेच्या टोकाला, एका अरुंद रस्त्याच्या कडेला, खाजकुयलीसारख्या चावऱ्या झुडपात गुडघाभर उंचीचा एक दगड होता. त्यावरची अक्षरं शेवाळानं भरलेली. काकांनी खिशातून दात साफ करायची हत्यारं काढली आणि त्या दगडाचं दीड तास स्केलिंग केलं. मी छत्री धरून उभी. अक्षरं उमटली तसे ते मागे सरकून बघत राहिले.

"काय करून राहिले काका? झालं ना साफ," मी म्हटलं.

"'करून राहिले' नाही, 'करताय'. अगं, रस्ता रुंद करायचं काम निघालंय. उद्या मशीन येईल, कुणाला दिसणार हा झुडपात? धक्का लागला तर? बघ ना कसा बिचारा उघडा बसलाय."

आणि मग ते म्हणाले, "पुढच्या शनिवारी तू वेम्बलीला जाणारेस ना? शेंदूर आण."

मी आणला. या प्रकरणात माझा हात एवढाच. ईलिंग रोडवरच्या दुकानदारानं विचारलं, "हनुमान के लिए?" मी म्हटलं, "नही, पॅरिश काउन्सिल के लिए." काकूंनी नाक मुरडलं, पण तेलात कालवून वाटी भरून दिली. रविवारी काकांनी हात धुऊन त्या दगडाला वरपासून खालपर्यंत शेंदूर फासला. चांगला दाट. लांबून दिसावा असा.

"आता कोण हात लावतोय बघू," ते म्हणाले. "आमच्याकडे हायवे वळवतात, पण शेंदराच्या दगडाला धक्का लावत नाहीत."

पुढल्या रविवारी दगड नव्हता. तिथं एक खड्डा होता, आणि बाजूला मशीनच्या चाकांचे ठसे.

काकांचा संताप मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. घरी येऊन त्यांनी पॅरिश मॅगझिनला दोन पानी पत्र लिहिलं. त्यात रानटी टोळ्या होत्या, संस्कृतीचा ऱ्हास होता आणि शेवटी 'हे कृत्य करणाऱ्या हूलिगनला गावानं शोधून काढलंच पाहिजे' असं होतं. ते छापून आलं. लोक रस्त्यात थांबून त्यांना शाबासकी देऊ लागले. पबवाल्यानं अर्धा पाइंट बिअर फुकट पाजली.

फेरीला आठ दिवस राहिले असताना मार्गरेटबाई चहाला आल्या. त्यांनी रस्त्याच्या कंत्राटदाराकडे चौकशी केली होती. त्याचं लेखी उत्तर त्यांनी चष्मा लावून वाचलं. कामगारांना सूचना होती की कडेचे जे जुने खांब, दगड, बुंधे काढायचे, त्यांवर नारिंगी रंगाची खूण आहे. या दगडावर नारिंगी खूण होती. किंबहुना त्यावर नारिंगीशिवाय काहीच नव्हतं. त्यामुळे तो काढला, यंत्रात घालून फोडला आणि खडी म्हणून त्याच रस्त्याखाली पसरला.

"म्हणजे तो आहे तिथंच आहे," मार्गरेटबाई म्हणाल्या, "फक्त जरा पसरलाय. प्रश्न एवढाच की त्याला रंग कुणी लावला. कुणीतरी हूलिगन स्प्रेचा डबा घेऊन गेला असणार. डॉक, तुमचं पत्र फार छान होतं. आम्ही त्याला शोधून काढू."

काकांचा चहाचा कप हवेतच राहिला. काकू उठल्या आणि त्यांनी देवघराचं दार हलकेच लावून घेतलं. मी बिस्किटांची बशी तीनदा पुढे केली.

बाई गेल्यावर काकांनी कप खाली ठेवला. मग काका म्हणाले, "पुरावा काय आहे, की ते माझ्याच..."

"देवघरात आहे, वाटीत," काकू म्हणाल्या.

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं, कारण काका खुर्चीत एकदम म्हातारे दिसायला लागले होते. आपल्याकडे शेंदूर फासला की दगडाचा देव होतो, इथं खडी होते, हे त्या माणसाला छत्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगायचं असतं हे तरी कुणाच्या डोक्यात येणार?

"अहो, सांगून टाका," काकू म्हणाल्या.

"सांगितलं तर हे मला पुढे चालू देतील? छत्तीस वर्षं मी मागे चाललोय. आणि हूलिगन म्हणून छापलंय मी. मीच."

"मग नका सांगू. पण त्या खड्ड्यावर काठी मारताना काय तोंड करणार आहात ते आत्ता आरशात बघून घ्या."

आठवडाभर त्यांनी दप्तर उघडलं नाही. मला कुणी गमबूट घालायला सांगितलं नाही. आमटीत मीठ जास्त पडलं, मी मुद्दाम बोलले, तरी त्यांनी पुरावा मागितला नाही. सुटका झाली म्हणून मी खूश व्हायला हवं होतं. मला अजिबात करमेना.

फेरीच्या दिवशी चाळीसेक माणसं आणि नऊ कुत्री जमली. काकांनी सूट घातला होता, खाली गमबूट. हातात पांढरी विलोची काठी. पुढे चालताना त्यांनी एकाही दगडाची गोष्ट सांगितली नाही. नुसती काठी टेकवायचे आणि पुढे. लोक एकमेकांकडे बघायला लागले. पाद्र्यानं मला हळूच विचारलं, "डॉकला बरं नाही का?"

उत्तरेच्या टोकाला खड्डा बुजवून वर नवी माती टाकलेली होती. सगळे गोल उभे राहिले. मार्गरेटबाई म्हणाल्या, "इथं आपला दगड होता. कुणी नेला ते तुम्हाला माहीतच आहे. रंग कुणी लावला ते अजून..."

"आय अ‍ॅम द हूलिगन," काका म्हणाले.

लोक हसले. डॉकचा विनोद म्हणून कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग काकांनी कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली वाटी काढली आणि सगळ्यांपुढे धरली. आत वाळलेला शेंदूर होता. हसणं थांबलं.

ते इंग्रजीत बोलले. नेहमीसारखं व्याख्यान नव्हे, अडखळत. म्हणाले, माझ्या वडिलांच्या गावी शिवेच्या दगडाला हा लावतात. एकदा लावला की त्याला कुणी हात लावत नाही. मला वाटलं, तुमचा दगड वाचेल. तो माझ्यामुळे गेला. "आणि मी आठ दिवस गप्प बसलो, कारण मला पुढे चालायचं होतं." मग त्यांनी काठी मार्गरेटबाईंपुढे धरली आणि मान खाली घातली. मी काकूंचा हात धरला.

मार्गरेटबाईंनी काठी घेतली नाही. त्यांनी पाद्र्याकडे पाहिलं, पाद्र्यानं पबवाल्याकडे.

"दगड नसेल तर काय करायचं, याची जुनी पद्धत आहे," बाई म्हणाल्या. "गावातलं एक माणूस उचलायचं आणि त्या जागी बुडावर आपटायचं. म्हणजे निदान एकाला तरी जन्मभर लक्षात राहतं, हद्द कुठं होती ते."

मला काकांची कंबर ठाऊक होती. मी पुढे झाले. म्हटलं, मला आपटा, मी हलकी आहे.

"नाही, डिअर," बाई माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाल्या. "तू लॉजर, भाड्यानं राहणारी. उद्या बॅग घेऊन इंडियाला गेलीस तर आमची हद्द तुझ्याबरोबर जायची. इट हॅज टु बी वन ऑफ अवर ओन."

आणि कुणी काही म्हणायच्या आत पबवाल्यानं काकांचे पाय धरले, पाद्र्यानं एक खांदा, एका शेतकऱ्यानं दुसरा. मार्गरेटबाईंनी स्वतः डोकं सांभाळलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, सूट, गमबूट, हवेत. काकू ओरडल्या, "हळू हो! केअरफुल! त्यांची बॅक!" एकदा आपटलं, दोनदा आपटलं, तिसऱ्यांदा सगळ्या गावानं मिळून मोठ्यानं मोजलं. नऊच्या नऊ कुत्री भुंकत होती. मग त्यांना उभं केलं, पबवाल्यानं त्यांच्या पाठीवरची माती झटकली, आणि मार्गरेटबाईंनी खाली पडलेली काठी उचलून परत त्यांच्या हातात दिली.

काका पुन्हा पुढे चालायला लागले. मी धावत त्यांना गाठलं. गालावरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"काका, फार लागलं का?"

"अगं, छत्तीस वर्षं मी या सगळ्यांच्या तोंडात हात घातले," ते म्हणाले, "पण मला कुणी असं धरलं नव्हतं गं."

मग त्यांनी नाक शिंकरलं, मागं वळून चाळीस माणसांना थांबवलं, आणि पुढच्या दगडाची गोष्ट पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.